संशयित मेल गुपचूप गिळू नका: दारातच नाकारा, नाहीतर जंकमध्ये दाखवा

अक्कलकोट_रोड (धागा)

एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा मेल सर्व्हर मी सहा वर्षं सांभाळतोय. मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स, त्यामागं मेल तपासणारे अमाविस आणि स्पॅमअसॅसिन (हा संशयाचे गुण देतो, जास्त गुण म्हणजे जास्त संशय), मेलबॉक्स चाळीस. यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, ऑफिस अर्धं रिकामं असताना, आखातातल्या एका खरेदीदाराचा मेल आला: ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), पांढरा, दोन कंटेनरचा भाव कळवा. तो आमच्यापैकी कुणी पाहिलाच नाही. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, "तुम्हाला धंदा करायचा नाही का?" तोवर ऑर्डर दुसरीकडं गेली होती.

लॉग काढला. मेलला ६.८ गुण पडले होते. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत, आत साधा मजकूर नाही, नुसतं एचटीएमएल, आणि पाठवणाऱ्या आयपीला रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही. एकेक खोट बारीक, पण बेरीज हद्दीबाहेर गेली. आमच्या अमाविसच्या फाइलीत स्पॅमपुढं 'डी_डिस्कार्ड' (गुपचूप टाकून दे) लिहिलेलं आणि क्वारंटाइन (मेल बाजूला राखून ठेवणं) बंद. म्हणजे आमच्या सर्व्हरनं समोरच्याला '२५०' (मिळाला) म्हणून पोच दिली आणि मेल फेकून दिला. तो बिचारा उत्तराची वाट बघत बसला.

माझं मत असं: स्पॅमअसॅसिनची ५ गुणांची हद्द ही खूण करायची हद्द आहे, मेल मारायची नव्हे. पाचच्या वर जंकमध्ये टाका. पंधराच्या वर नाकारा, पण एसएमटीपीचं (दोन सर्व्हरांमधलं मेल देण्याघेण्याचं) बोलणं चालू असतानाच ५५० (नाकारला) सांगून, म्हणजे खऱ्या माणसाला त्याच्याच सर्व्हरकडून कळतं. एकदा स्वीकारल्यावर बाउन्स (मेल परत आल्याची सूचना) पाठवू नका, स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो आणि तो कचरा भलत्याच्याच दारात पडतो. आणि गुपचूप गिळणं तर कधीच नको.

चिंचोळी_नेटवर्क

अण्णा, ऑर्डर गेल्याचं वाईट वाटलं, पण मी तुमच्या विरुद्ध आहे. जंक म्हणजे अर्धवट उघडं दार. आमच्याकडं एका क्लार्कनं जंकमधलीच 'परचेस ऑर्डर' उघडली, झिपच्या आत .जेएस फाइल. तीन पीसी फॉरमॅट करावे लागले, टॅलीचा बॅकअप आठवड्यापूर्वीचा होता म्हणून सहा दिवसांची व्हाउचरं पुन्हा भरली. माझी हद्द सातला नाकार. दारात स्पॅमहाउसची यादी (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची) आणि ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हरला आधी ४५० सांगायचं, पाच मिनिटांनी ये म्हणायचं. स्पॅमचे बरेच बॉट परत येतच नाहीत.

अक्कलकोट_रोड

झिपमधली .जेएस, .एक्सई मीही गुण न बघता नाकारतो, तिथं आपलं भांडण नाही. प्रश्न सात गुणांच्या साध्या मजकुराचा आहे.

आणि ग्रेलिस्टिंगचं ऐका. पाच मिनिटं आपण सांगतो, परत कधी यायचं ते समोरचा सर्व्हर ठरवतो. अर्धा तासही लागतो. मोठ्या सेवा दर वेळी वेगळ्या आयपीवरून येतात, तेव्हा आणखी उशीर. बँकेचा ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो.

स्पॅमहाउसच्या यादीबद्दल एकच विचारतो: तुमचा सर्व्हर डीएनएस कुठून विचारतो?

चिंचोळी_नेटवर्क

८.८.८.८, गूगलचा सार्वजनिक.

अक्कलकोट_रोड

मग आजच बदला, दादा. सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) विचारलं तर स्पॅमहाउस उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा 'चूक झाली' सांगणारा कोड देतं. पोस्टफिक्समध्ये 'रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट' (यादीत असेल तर नाकार) नुसतं लिहिलं असेल तर तो कोडही 'यादीत आहे' असाच धरला जातो आणि आलेला प्रत्येक मेल नाकारला जातो. त्याच मशीनवर अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) चालवा. यादीच्या नावापुढं '=१२७.०.०.[२..११]' जोडा, मग तेवढीच उत्तरं धरली जातील.

हिशेबनीस_ताई

मी सर्व्हरवाली नाही, टॉवेलचीच अकाउंट्स बघते. तुम्ही दोघं जंक जंक म्हणताय, पण आमच्या आउटलुकमध्ये मेल पॉपनं येतो. पॉपमध्ये फक्त इनबॉक्स उतरतो. सर्व्हरवरचं जंक मला आजवर दिसलेलंच नाही! माझ्या लेखी जंकमध्ये टाकणं आणि फेकणं एकच.

दुसरं, मला नुकसान झालं ते स्पॅमनं नाही. सूतवाल्या पार्टीच्या नावानं मेल आला, "आमचं बँक खातं बदललंय." पैसे गेले. तो मेल सरळ इनबॉक्समध्ये होता.

अक्कलकोट_रोड

ताई, पॉपचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि तो बिनतोड आहे. तुमच्यासारख्यांचा मेल इनबॉक्समध्येच द्यायला हवा, विषयापुढं '[संशयित]' लावून. विषय बदलला की डीकेआयएमची (पाठवणाऱ्या डोमेनची) सही मोडते, पण तपासणी आधीच झालेली असते, त्यामुळं मेल पुढं फॉरवर्ड होत नसेल तर काही बिघडत नाही. खरा उपाय सगळ्यांना आयमॅपवर (त्यात सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दिसतात) आणणं. या महिन्यात ते काम घेतो.

खातं बदलल्याचा मेल असा का सुटतो ते सांगतो. भामटा पार्टीच्या नावात एक अक्षर फिरवून स्वतःचं डोमेन घेतो, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं नीट बसवतो. या तपासण्या मेल कुठल्या डोमेनचा एवढंच सांगतात, माणूस सच्चा की लबाड ते नाही. असल्या मेलला बहुतेकदा गुणच पडत नाहीत. हद्द सात ठेवा की तीन, तो बहुधा आत येणारच. खातं बदललं म्हटलं की जुन्या नंबरवर फोन, दुसरा इलाज नाही.

पार्क_चौक

एवढा खटाटोप कशाला? चाळीस मेलबॉक्स गूगलवर न्या नि मोकळे व्हा.

चिंचोळी_नेटवर्क

चाळीस जणांचं भाडं दर महिन्याला, कायमचं. शिवाय तिथंही एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी आपल्यालाच घालाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला दोन्हींपैकी एक सक्तीचं आहे, दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्याला दोन्ही आणि डीमार्कही.

अण्णा, अनबाउंड बसवला. पण सातची हद्द मी सोडणार नाही. बेझ (आधीच्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणारा स्पॅमअसॅसिनचा भाग) शिकवलाय तो काय कामाचा मग?

अक्कलकोट_रोड

कशावर शिकवलाय ते महत्त्वाचं. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दिल्याशिवाय बेझ गुण देतच नाही. बरेच जण इंग्रजी स्पॅम भरभरून देतात आणि चांगल्यात फक्त घरचे मराठी मेल. मग त्याला इंग्रजी म्हणजेच स्पॅम वाटू लागतं, आणि आपले परदेशी खरेदीदार इंग्रजीतच लिहितात. जुन्या ऑर्डरींचे फोल्डर त्याला चांगले म्हणून शिकवा: जीएसएम, डॉबी, जकार्ड, एलसी, शिपमेंट हे शब्द त्याच्या ओळखीचे होऊ देत.

चिंचोळी_नेटवर्क

हे करतो. दोन आठवडे क्वारंटाइन चालू करून सात ते पंधरामधलं सगळं तिथं थांबवतो. त्यात एकही खरी पार्टी निघाली नाही तर नाकार सातलाच राहील.

अक्कलकोट_रोड

आणि एक जरी निघाली तर पंधरा. यादी रोज कोण बघणार? आपण दोघं नकोत, आपल्याला पार्ट्यांची नावं माहीत नसतात.

हिशेबनीस_ताई

माझ्याकडं पाठवा. पाठवणारा, विषय आणि गुण एवढंच असू दे. साडेदहाच्या आत आली पाहिजे, अकराला माझी बँकेची कामं सुरू होतात.