मुठेचं पाणी : तीन दिवसांनी बाटली शून्यावर, दुपारचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मात्र ९ च्या वर

एरंडवणेकर
कॉलेजच्या प्रकल्पासाठी विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल आणि संगम पूल इथलं पाणी तपासतोय. डीओ विंकलरच्या टायट्रेशनने, बीओडी (पाण्यातली घाण खाताना जंतू वापरतात तेवढा ऑक्सिजन) बाटली २७ अंशांवर ३ दिवस ठेवून; आकडे मिग्रॅ/लिटरमध्ये. दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. म्हात्रे पुलाच्या बाटलीत तिसऱ्या दिवशी डीओ शून्य, त्यामुळे बीओडी सुरुवातीच्या डीओएवढाच दिसतो. पाणी तर उघड उघड सांडपाण्याचं. दुसरं, दुपारी तीनच्या नमुन्याचा डीओ ९ च्या वर. डायल्यूशन (नमुना स्वच्छ पाण्याने पातळ करणं) केलेलं नाही. नमुना पुलावरून बादलीने काढतो.

ब्युरेट
शून्य आलं म्हणजे बीओडी मोजलाच गेला नाही. जंतूंनी होता तेवढा ऑक्सिजन संपवला, पुढची भूक कळणार कशी? नियम असा: शेवटी किमान १ मिग्रॅ/लिटर उरला पाहिजे आणि किमान २ खर्च झाला पाहिजे. आपल्याकडे डायल्यूशनच्या पाण्यात २७ अंशांना फार तर ७.४–७.५ मावतो, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे ना. तेव्हा ३०० मिलिच्या बाटलीत ६० मिलि नमुना घेतला तर साधारण १० ते ३२ पर्यंतचा बीओडी पकडता येतो, ३० मिलिला २० ते ६४, १५ मिलिला ४० ते १२८. तिन्ही लावा, नियमात बसेल तीच धरा.

डायल्यूशनच्या पाण्यात लिटरमागे फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड प्रत्येकी १ मिलि. नळाचं पाणी नको, क्लोरीन जंतू मारतो. नुसत्या पाण्याची ब्लँक बाटली ३ दिवसांत ०.२ पेक्षा जास्त खाली आली तर अख्खी बॅच रद्द. सीड (जंतूंचं विरजण) वेगळं घालायची गरज नाही, मुठेत ते भरपूर आहे.

हिरवंपाणी
९ चा आकडा दोन कारणांनी येऊ शकतो. बादली पुलावरून आपटते तेव्हाच हवा मिसळते, आणि ओतताना पुन्हा. नळी बाटलीच्या तळाशी ठेवून सावकाश भरा, दोन-तीन बाटल्यांएवढं पाणी वाहून जाऊ द्या.

पण आपटण्याने डीओ संपृक्ततेच्या (पाण्यात हवेतून मावेल तेवढ्या ऑक्सिजनच्या) पुढे फारसा जात नाही. २५ अंशांना इथे संपृक्तता सुमारे ७.७. त्यावर ९ म्हणजे शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण, तेही संथ, उथळ पाण्यात. त्याच जागी पहाटे सहाला मोजा, खरा तळ तेव्हा दिसेल. आणि जलपर्णीचा गालिचा असेल तिथे उलट: ती ऑक्सिजन हवेत सोडते, खालच्या पाण्याला उजेडही पोचू देत नाही.

एरंडवणेकर
पहाटेची बाटली लॅबपर्यंत न्यायची कशी? आणि टायट्रेशन संपल्यावर निळा रंग परत येतो, तो मोजायचा का?

ब्युरेट
घाटावरच फिक्स करा, म्हणजे ऑक्सिजन रसायनाने बांधून ठेवा. मँगनस सल्फेट १ मिलि, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलि, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बुडबुडा न अडकवता बूच लावा, चांगली उलटीसुलटी करा. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. अंधारात न्या, सल्फ्युरिक आम्ल १ मिलि लॅबमध्ये, त्याच दिवशी. मग २०१ मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट: जेवढे मिलि, तेवढे मिग्रॅ/लिटर. २०१ का, तर पहिल्या दोन द्रावणांनी २ मिलि नमुना बाहेर ढकललेला असतो. स्टार्च मात्र रंग फिका पिवळा झाल्यावरच.

परत येणारा निळा मोजू नका. पण लगेच येत असेल तर नायट्राइटचा संशय घ्या, त्याला मारणारं अझाइड घातलंय का आणि जुनं झालंय का ते बघा. थायोसल्फेटही पडून कमजोर होतं, दर वेळी प्रमाणित करा.

हिरवंपाणी
एक भर. सांडपाणी केंद्राचं पाणी नदीत पडतं त्या आउटफॉलजवळ नमुना घेतलात तर आधी क्लोरीन तपासा आणि सोडियम सल्फाइटने मारा, नाहीतर बीओडी खोटाच कमी येईल. परदेशी पेपरातले आकडे २० अंश, ५ दिवसांचे असतात, तक्त्यात तुमच्या आकड्यांपुढे २७ अंश, ३ दिवस असं लिहाच. आंघोळीच्या पाण्याचा निकष डीओ ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी. तो पहाटेच्या डीओला लावून बघा.