विधानसभेच्या उमेदवाराचं पत्रक लिहायचंय, 'मी का उभा राहतोय' यात नेमकं काय घालू?

विटेकर_डीटीपी
मंडळी नमस्कार, विट्यात माझं डीटीपी आणि ऑफसेटचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं असलीच कामं जास्त. आता एका विधानसभा इच्छुकाचं पत्रक आलंय आणि मजकूरपण तूच लिही म्हणून गळ्यात मारलंय. नाव आणि पक्ष विचारू नका, सांगणार नाही. माणूस उजव्या विचारांचा आहे आणि ते तो लपवतपण नाही. लहानपणापासून शाखेत, माऊलींच्या पालखीबरोबर चालतो, गावात गोशाळा काढलीय, बैलगाडा शर्यतीच्या आंदोलनातली एक केसपण अंगावर आहे.

घोळ असाय की ह्यांच्या घरचा धंदा गलाईचा. वडील आणि चुलते दक्षिणेत सोनं-चांदी गाळायच्या दुकानावर, हा शाळेला तिकडंच होता, तमिळ फाडफाड बोलतो, वडील थकल्यावर इकडं आला आणि शेती बघायला लागला. चुलते म्हणतात गलाईचं नाव काढू नको, लोक म्हणतील पैशेवाला आहे, 'सामान्य शेतकऱ्याचा पोरगा' एवढंच टाक. कार्यकर्त्यांनी आणून दिलेला कच्चा मजकूर तर वाचवत नाही, धर्मरक्षक काय, तरुणांचे हृदयसम्राट काय, 'जनतेच्या आग्रहाखातर' काय.

मी त्याला एकट्याला दुकानात बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं की बाबा तू स्वतः का उभा राहतोयस, तर अर्धा तास बोलला. म्हणाला आमच्या गावात निम्म्या घरांना कुलपं आहेत, जत्रेला तेवढी उघडतात, देवळात काकड्याला म्हातारी माणसं सोडली तर कोण नसतं, आपण धर्म टिकवा संस्कृती टिकवा म्हणतो पण माणूसच गावात नसला तर टिकवायचं कुणी, त्याला पाणी पाहिजे, पोटाला धंदा पाहिजे, आणि ते सगळं मुंबईत ठरतंय. मी त्याच्या पक्षाचा मतदार नाही, तरी मला ऐकायला बरं वाटलं. पण यातलं एक अक्षर कच्च्या मजकुरात नाही.

तर विचारायचं हे की तुम्ही असलं पत्रक हातात आल्यावर काय वाचता? आणि छापणाऱ्याच्या अंगावर काय येऊ शकतं ते पण कुणाला माहीत असलं तर सांगा.

---

बेदाणा_सौदा
गलाई कशाला लपवायची राव? खानापूर-आटपाडीत ज्याच्या भावकीत कुणी गलाईवाला नाही असं घर दाखवा मला. दुष्काळानं बाहेर काढलेली माणसं आहेत ती, भट्टीपुढं बसून अॅसिडच्या वासात आयुष्य काढलेलं. उलट ते लिहिलंत तर लोक म्हणतील ह्याला आपलं दुखणं माहितेय. लपवलंत तर विरोधक चार दिवसांत दुकानाचा फोटो व्हॉट्सॅपवर फिरवतील आणि मग खुलासे करत बसा.

मी तासगावचा. आमच्या आर. आर. आबांनी कधी पत्रकात 'मी गरीब' म्हणून ओरडून सांगितलं असं मला तरी आठवत नाही, सांगायची गरजच नव्हती, अंजनीचं घर लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं. १९७९ ला जिल्हा परिषदेत गेले, १९९० ला आमदार, म्हणजे अकरा वर्षं लोकांनी पारखलं आणि मग मुंबईला पाठवलं. त्यांचा पक्ष वेगळा, विचार वेगळा, ते सोडा. पण घरची गोष्ट अशी पाहिजे की शेजारच्या गावातल्या माणसानं वाचली तर त्यानं 'हां, खरंय' म्हटलं पाहिजे. देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांचं बघा, वडील लहानपणी गेले, आईनं वाढवलं, हे आजपण म्हातारी माणसं सांगतात कारण ते कुणी बनवलेलं नव्हतं.

तुमच्या पाव्हण्याची अर्ध्या तासाची गोष्ट आहे ना, तीच छापा. हृदयसम्राट काढून टाका, आधीच लई झालेत.

---

कारकून_सांगली
मी वकिलांच्या ऑफिसात आहे, निवडणुकीत अर्ज भरून द्यायची कामं येतात, त्यामुळं कोरडं बोलतो.

पहिली गोष्ट, पत्रक आणि शपथपत्र समोरासमोर ठेवून वाच. उमेदवाराला अर्जाबरोबर नमुना २६ मधे शपथपत्र द्यावं लागतं, त्यात पॅन, मागच्या पाच वर्षांचं इन्कम टॅक्सला दाखवलेलं उत्पन्न, बायकोचं आणि अवलंबून असणाऱ्यांचं पण, सोनं, गाड्या, जमीन, कर्ज, शिक्षण, चालू केसेस, सगळं येतं. उत्पन्नाचा स्रोत काय ते पण लिहावं लागतं. ते आयोगाच्या वेबसाइटवर चढतं, कुणीपण मोबाइलवर उघडून बघू शकतं. पत्रकात नुसतं शेतकरी आणि शपथपत्रात परराज्यातल्या दुकानाची भागीदारी, असं झालं की बेदाणावाले म्हणतायत तेच होणार. केस आहे ती पण लपवायचा प्रश्न येत नाही, अर्ज मागं घ्यायची मुदत संपल्यापासून प्रचार संपेपर्यंत तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर स्वतःच्या केसेस जाहीर कराव्या लागतात.

दुसरी, तुझ्या अंगावर काय येतंय. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७क कलम. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव पत्ता पाहिजेच. छापायच्या आधी प्रकाशकाकडून सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतीत घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षांकित सह्या. छापून झालं की एक प्रत पत्रकाची आणि एक घोषणापत्राची कलेक्टर ऑफिसला पाठवायची. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बऱ्याच प्रेसवाल्यांना हे माहीत असतं आणि तरी घाईत राहतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, 'हिंदू म्हणून मत द्या' किंवा त्या अर्थाचं काही छापू नको. १२३(३) कलमाखाली धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. पार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक आठवत असेल जुन्या लोकांना, डॉ. रमेश प्रभू निवडून आले आणि त्यांच्या प्रचारात बाळासाहेब ठाकऱ्यांनी धर्मावर केलेल्या भाषणांवरून निवडणूकच रद्द झाली, १९९५ ला सुप्रीम कोर्टानं पण ते कायम केलं आणि पुढं बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. मजा म्हणजे प्रभूंचा निकाल दिला त्याच दिवशी मनोहर जोशींची आमदारकी मात्र कोर्टानं वाचवली. म्हणजे रेष बारीक आहे. २०१७ च्या जानेवारीत सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असं ठरवलं की उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्म काढून मत मागितलं तरी तो भ्रष्ट आचारच. वारी करतो, गोशाळा आहे ही माहिती झाली. 'म्हणून मत द्या' जोडलं की संपलं.

---

अजिंक्यतारा_खालून
साताऱ्याहून लिहितोय, आणि मी ह्या उमेदवाराला मत देणार नाही हे आधीच सांगतो म्हणजे नंतर वाद नको.

कायदेशीर सगळं ठीक, पण 'मी का उभा राहतोय' याचं उत्तर मला असं पाहिजे की आमदार झाल्यावर कुठल्या कायद्याला हात वर करणार आणि कुठल्याला नाही. संस्कृतिरक्षण हे उत्तर नाही, त्याच्या आड काहीपण बसतं. आमच्या साताऱ्याच्या दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्याची किती वर्षं घातली आणि कायदा कधी आला, तर ऑगस्ट २०१३ मधे त्यांचा खून झाल्यावर वटहुकूम, डिसेंबरात विधिमंडळात मंजूर. हा तुमचा वारकरी माणूस त्या कायद्याबद्दल काय म्हणतो? विचारा की त्याला. वारकऱ्यांत दोन्ही बाजूची माणसं होती तेव्हा.

आणि गोशाळा काढली ते चांगलंच आहे, पण २०१५ पासून आपल्याकडं बैल आणि वळू पण कापायला बंदी आहे, तर थकलेला बैल ज्याच्या दावणीला आहे आणि वैरण विकत घ्यावी लागते त्या माणसानं काय करायचं? गोशाळावाल्याला हे सगळ्यात जास्त माहीत असणार. त्यानं यावर दोन ओळी खऱ्या लिहिल्या तर मी विरोधक असून त्याचं पत्रक जपून ठेवीन.

---

सर्जाराजा_आटपाडी
सातारकर तुम्ही लगेच दाभोलकरांवर गेला राव. गोशाळेचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, वैरणीचा दर बघून आमचेच डोळे पांढरे होतात.

पण शर्यतीच्या केसला नुसती 'केस' म्हणून सोडू नका. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यती पण बंद केल्या. सात वर्षं माणसं बैल सांभाळून बसली होती, खिलार खोंड कवडीमोलानं गेले. २०१७ ला आपल्या विधानसभेनं कायदा बदलला, तो हायकोर्टात अडकला, मग डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि २०२३ च्या मे मधे घटनापीठानं कायदाच वैध धरला. त्यात दोन्हीकडची सरकारं येऊन गेली बरं का, २०१७ ला एक आणि २०२१ ला दुसरं, आणि ह्या एका गोष्टीवर कुणाचं दुमत नव्हतं. मला म्हणायचंय हे की माणूस मुंबईत का जाऊ म्हणतोय याला ह्याच्यापेक्षा चांगलं उत्तर नाही. मैदानात ओरडून शर्यत सुरू झाली नाही, विधानसभेत कायदा झाला म्हणून झाली. त्यानं ते बघितलंय, त्यात अंगावर केस घेतलीय. हे लिहा.

पाण्याचं पण तसंच. टेंभू उपसा सिंचन योजनेला मान्यता १९९६ ची, आणि आमच्या शिवारात पाणी यायला पोरांची लग्नं झाली. पाणी हा राज्याचा विषय आहे, दिल्लीला जाऊन काय उपयोग.

---

विटेकर_डीटीपी
सगळ्यांचे आभार. काल रात्री त्याला तुमचे रिप्लाय वाचून दाखवले. चुलते सातारकरांवर भडकले पण तो स्वतः शांत बसला होता. जादूटोणा कायद्याबद्दल विचारलं तर म्हणाला तेव्हा माझा विरोध होता, आज रद्द करा असं मी म्हणणार नाही, पण पत्रकात ते घालू नको, सभेत कुणी विचारलं तर उत्तर देईन. आता कच्चं असं झालंय, बघा:

'आमचं घर गलाईवाल्यांचं. शेतात पाणी नव्हतं म्हणून वडील आणि चुलते परमुलखात गेले, माझी शाळा तिकडंच झाली. परत येऊन मी घरची शेती आणि गोशाळा बघतो. मी परंपरा मानणारा माणूस आहे, वारी करतो. बैलगाडा शर्यतीच्या आंदोलनात माझ्यावर एक गुन्हा दाखल आहे, त्याची माहिती शपथपत्रात दिली आहे. शर्यत सुरू झाली ती विधानसभेनं कायदा केला म्हणून, हे मी जवळून बघितलं. टेंभूच्या पाण्यापासून अजून लांब राहिलेल्या वाड्यावस्त्या, म्हाताऱ्या जनावरांच्या वैरणीला अनुदान आणि गलाईचं काम शिकलेल्या पोरांना इथंच धंदा, या तीन कामांसाठी मला तिथं बसायचं आहे.'

---

कारकून_सांगली
चांगलं झालंय. 'लांब राहिलेल्या वाड्यावस्त्या' तिथं गावांची नावं घाल, नाहीतर प्रत्येक गाव समजतंय आपलंच. वैरणीच्या अनुदानाचं जपून, आमदार फंड वर्षाला पाच कोटी असला तरी तो बांधकामाच्या कामांचा, वैरणीला लागत नाही, त्यामुळं 'सरकारकडं मागणी करीन' असं लिही, 'देईन' नको.

आणि बिल पक्कं फाड. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, अर्ज भरल्यापासून हिशोब सुरू होतो, आणि आधी छापलेलं पत्रक नंतर वाटलं तरी त्यात धरतात. खाली मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत प्रतींची संख्या पण टाक, तपासणीला आलेला माणूस पहिलं तेच बघतो.

---

अजिंक्यतारा_खालून
वैरणीची ओळ आली म्हणजे एक प्रत साताऱ्याला पाठवा. मत मात्र नाही.