एस्टोनियाच्या शाळेशी एआयवर एक्सचेंज : मुलांना नेमकं काय करायला द्यावं?

वाळपईची बाई
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका अनुदानित हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. नववीची २६ मुलं एस्टोनियातल्या दहावीच्या वर्गाशी ऑनलाइन जोडली आहेत, विषय ‘शिक्षणात एआय’. तिथे सप्टेंबर २०२५ पासून दहावी-अकरावीच्या वीस हजार मुलांसाठी ‘टीआय-ह्युपे’ नावाचा एआय कार्यक्रम चालू झालाय, त्यामुळे त्या मुलांना सवय आहे.

पहिल्या भेटीत दोन्हीकडून स्लाइड वाचल्या गेल्या. आम्ही मंगेशीचं देऊळ दाखवलं, त्यांनी बर्फ. चाळीस मिनिटांत एकाही मुलानं दुसऱ्याला प्रश्न विचारला नाही. शेवटच्या बाकावरची मुलगी, एरवी बडबडी, हात बांधून बसली होती. ते मला फार लागलं. पुढच्या भेटीला काय द्यावं?

फोंड्याचे मास्तर
बाई, आधी समानता शोधा. २०११ च्या जनगणनेत गोवा १४.५८ लाखांचा, एस्टोनिया आज साधारण १३.७ लाखांचा. एस्टोनियन बोलणारे अकरा लाखांच्या आसपास, कोकणी त्याच जनगणनेत साडेबावीस लाख. दोघांच्याही भाषा इंटरनेटवर इंग्रजीपुढे अगदी थोड्या. एकच प्रश्न एआय चॅटबॉटला इंग्रजीत, मराठीत, कोकणीत विचारा, ते एस्टोनियनमध्ये विचारतील. उत्तरं शेजारी ठेवा. मुलं बोलायला लागतील.

डिचोलीतला पालक
कल्पना चांगली, पण मुलांचे चेहरे आणि नावं त्या यंत्रात जाऊ देऊ नका. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा माणूस मूलच. वर्गासाठी एकच खातं ठेवा, शिक्षकांच्या हातात. आणि पालकांना संमतीपत्र मराठीत द्या. माझ्या मुलाच्या शाळेतून इंग्रजीत आलं होतं, माझ्या आईनं न वाचताच सही केली.

वाळपईची बाई
दोघांचेही आभार. संमतीपत्र मराठीत लिहायला घेतलंय.

मास्तर, तुमचं वाचून अळमी, म्हणजे रानातली अळिंबी, आठवली. पावसात आमच्याकडे रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवतात, लागवड करता येत नाही, आणि कुठली खायची हे आजीला ठाऊक असतं. एस्टोनियाची माणसंही उन्हाळ्यात रानात अळमी वेचायला जातात, पिवळी ‘कुकेसेन’ त्यांची लाडकी. काल वर्गात एका मुलाच्या आजीनं दिलेल्या अळम्यांचा फोटो चॅटबॉटला दाखवला. तीनदा विचारलं, तीन निरनिराळी नावं आली, आणि तिन्ही वेळा तेवढ्याच खात्रीनं. ती बडबडी मुलगी उठून म्हणाली, “बाई, आमच्या आजीला विचारलं असतं तर तिनं आधी देठ मोडून बघितला असता.”

तेच देणार आहे. दोन्ही वर्गांनी आपापल्या अळम्यांचे फोटो द्यायचे, यंत्राचं उत्तर लिहायचं, मग घरच्या जाणत्या माणसाचं, आणि कुठे फरक पडला ते एकमेकांना समजावायचं. फोटोवरून कोणी काही खाणार नाही, हे पहिल्या ओळीत.

फोंड्याचे मास्तर
उत्तम. वेळेचं बघा : आपला एक म्हणजे सध्या त्यांचे साडेदहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेनऊ.

वाळपईची बाई
बरं झालं सांगितलंत, वेळापत्रकात आत्ताच लिहिते. आजीला कॅमेऱ्यासमोर आणायचं त्या मुलानं कबूल केलंय. ती कोकणीत बोलेल, इंग्रजी तो करणार.