जुन्या कपेलाची (छोट्या चर्चची) भिंत परत सुटलीय, मदत हवी आहे (लवकर)

खानापूरवाला: वेदीमागच्या भिंतीचा गिलावा परत सुटलाय. ठोकलं की ढब ढब वाजतो, फुगा दाबला की पांढरी पूड बोटाला लागते, खारट. गावानं वर्गणी काढून काम धरलंय. फेस्त (कपेलाचा सण) तीन आठवड्यांवर. कुठलं केमिकल मारायचं तेवढं सांगा.

ओळंबा: भिंत कशाची? जांभा की वीट? गाव कुठल्या बाजूला?

टिळकवाडी७: आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, चार वर्षं थेंब नाही. तेच मारा, डोकं लावू नका.

ओळंबा: गच्ची काँक्रीटची ना तुमची? जुन्या भिंतीला ते फासलं की ओल आतच कोंडते.

खानापूरवाला: जांभा. कणकुंबीच्या अंगाला, आता पावसाचं काय सांगू!

जुनी_वही: किती जुनं आहे कपेल? बेळगाव धर्मप्रांत 1953 चा, त्याआधी हा भाग गोवा आणि पुण्याकडे विभागलेला. जुन्या नोंदी तिकडेच शोधा.

खानापूरवाला: नोंदी कोण मागितलंय हो? भिंत पडायलीय.

ओळंबा: ‘परत’ सुटलीय म्हणता. आधीचा गिलावा कशाचा होता?

खानापूरवाला: सिमेंटचा, आणि कशाचा? पाच वर्षांमागं आतबाहेर मारला. जुना चुना खरवडून टाकला.

ओळंबा: हे आधी सांगायचं की ओ! जांभा पाणी पितो. चुन्यातनं ती ओल उडून जाते, सिमेंटमधनं जात नाही. मग क्षार गिलाव्यामागं साठतात आणि त्याला ढकलून पाडतात. सिमेंट हलक्या हातानं सोला, भिंत वाळू द्या, मग चुना, वाळू, सुर्की (विटांची पूड). कळीचा चुना विरवून निदान पंधरा दिवस मुरवा. आणि पागोळ्या भिंतीच्या पायात पडतात का, ते आधी बघा.

आज्जीचा_नातू: गूळ आणि हिरड्याचं पाणी विसरू नका. आमच्या वाड्याला तेच होतं.

ओळंबा: गूळ जास्त झाला तर चुना धरत नाही. प्रमाण माहीत असलेला गवंडी गाठा.

आज्जीचा_नातू: आज्जी काय मोजून घालत होती?

टिळकवाडी७: चार वर्षं झाली, खरंच एक थेंब नाही.

खानापूरवाला: म्हणजे फेस्ताआधी होत नाही?

ओळंबा: नाही. यंदा वेदीमागं पडदा लावा.

खानापूरवाला: पडदा लावतो. पण त्याच सिमेंटवाल्या गवंड्याला काल ॲडव्हान्स दिलाय. फादरना काय सांगू?