जुन्या खुनाचा तपास पुन्हा उघडता येतो का?

वावरवाला (यवतमाळ जिल्हा): २०१९ मध्ये सोयाबीन काढणीच्या दिवसांत माह्या आत्याचा वावरातल्या खोपडीत खून झाला. एकटीच जागलीला होती. पदरानं गळा आवळला, हातातले चांदीचे गोट नेले. पोलिसांनी पुढं ‘ए समरी’ पाठवली. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. आता बाजूच्या तालुक्यातल्या एका गुराख्याला जन्मठेप लागली. त्यानंही वावरात एकट्या म्हातारीलाच तसंच मारलं अन् दागिने सराफाला विकले. गाव म्हणते, तोच. असंल तर सिद्ध व्हावं. नसंल तर खरा माणूस आजही मोकळा फिरून राहिला, ह्याचंच मले भेव वाटते. ठाण्यात म्हणतात, फाईल बंद. सांगा बा, काही मार्ग?

वर्धेचा वकील: ‘ए समरी’नं दार कायमचं बंद होत नाही. खुनाला मुदतही नसते. पुढील तपासाची तरतूद आहे: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३(८), १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९३(९). पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, प्रत स्थानिक गुन्हे शाखेला. दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आधी ई-कोर्ट्सवरून त्या खटल्याचं निकालपत्र काढा आणि सराफाची साक्ष नीट वाचा.

निवृत्त जमादार: मुद्देमालाची घाई करा दादा. अपील संपलं की जप्त दागिने कोर्टाच्या हुकमानं वाटेला लागतात, मग काही हाती येत नाही. त्याच्या कबुलीवर भिस्त ठेवू नका. मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवनं १९६८ मध्ये पकडल्यावर ४१ खून कबूल केले असं सांगतात, पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. आरोपीनं सांगितल्यावरून वस्तू निघाली, तर तेवढा भाग चालतो. सापडलेल्या माणसाच्या माथी जुने गुन्हे मारून फाईल निकाली काढणारेही असतात. तसं होऊ देऊ नका. गोटांची काही खूण आहे का?

वावरवाला: आहे. एक गोट तुटला होता, बाबांनी डाग देऊन आणला होता. तो सोनार अजून दुकानात बसते. निकालपत्र काढलं. जप्तीत चांदीचे तीन नग आहेत, त्या बाईच्या पोरानं दोनच ओळखले. तिसऱ्याचं वर्णनच नाही. सोमवारी अर्ज देतो, सोनाराचं लेखी सोबत जोडतो.

वर्धेचा वकील: अर्जात तो तिसरा नग दाखवायची मागणी सगळ्यात वर लिहा. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.