मदत हवी आहे: १२ दिवसांत रिलीज, बग संपेनात

तुटका_कीबोर्ड:
आमचं मराठी शब्दकोशाचं मुक्तस्रोत ॲप आहे. पुढच्या रविवारी २.० काढतो असं जाहीर करून बसलोय. या शनिवारी सगळे एकत्र बसून बग मारणार आहोत. मागच्या वेळी बसलो तेव्हा चहा झाला, मिसळ झाली आणि संध्याकाळी कळलं की तिघांनी एकच बग तीन तऱ्हांनी सोडवलाय. हे कसं आखायचं? लवकर सांगा.

खटपट्या:
बग किती, माणसं किती, त्यांतली कोड लिहिणारी किती? ॲप कशावर चालतं? नुसतं "लवकर सांगा" काय!

नाशिकचा_नातू:
कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स टाका. माझे सगळे प्रॉब्लेम गेले.

तुटका_कीबोर्ड:
अहो, अँड्रॉइड. ६३ बग उघडे. माणसं ८, कोडवाली ३.

सुमेधा_क:
डेबियन ही मुक्तस्रोत लिनक्स प्रणाली बनवणारे याला बग स्क्वॉशिंग पार्टी म्हणतात. क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस, एवढ्याच पातळ्यांचे बग त्यांची रिलीज अडवतात. बाकीचे ढीगभर तसेच ठेवून आवृत्ती निघते. तुमच्या ६३ मधले अडवणारे किती? ते आधी ठरवा, शनिवारी फक्त तेवढेच घ्या. आणि बगला हात लावण्याआधी ट्रॅकरवर (बगांच्या यादीत) स्वतःचं नाव टाकायचं, म्हणजे तिघं एकाच्या मागे लागणार नाहीत.

खटपट्या:
डेबियनकडे हजाराच्या वर माणसं आहेत हो. इथे आठ. एकानं फळ्यावर लिहावं, बाकीच्यांनी ऐकावं.

सुमेधा_क:
आठ जण आहेत म्हणूनच सांगतेय. कोड न येणाऱ्या पाच जणांना शनिवारची वाट बघायला लावू नका. प्रत्येक जुना बग ॲपच्या ताज्या बिल्डवर (तयार प्रतीवर) अजून येतो का ते बघायला आजच बसवा. बरेच कधीच सुटलेले असतात, बंद करायचे राहिलेले असतात.

मोडीप्रेमी:
ॲपमध्ये मोडी आहे का? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात, २०१४ पासून आहे.

तुटका_कीबोर्ड:
नाही. सगळ्यात डोकं खाणारा बग सांगतो: "दऱ्या" शोधलं की काही फोनवर सापडतं, काहींवर नाही.

खटपट्या:
फोनचा दोष नाही, कीबोर्ड बघा. एक कीबोर्ड नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त, य असं पाठवतो. दुसरा साधा र, हलन्त, मग जॉइनर (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह), मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच.

नाशिकचा_नातू:
एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी आलं तरी एका रूपात आणणारा युनिकोडचा नियम) लावा, संपलं.

खटपट्या:
नाही संपत. एनएफसी र आणि सुटा नुक्ता जोडून ऱ करतं, जॉइनरला हात लावत नाही. आणि जॉइनर नुसता उडवलात तर दऱ्याचा दर्या होईल, डोंगरातून थेट समुद्रात. र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त करा. कोशात साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे.

तुटका_कीबोर्ड:
हे भारी! शनिवारी सकाळी डार्क मोड (काळ्या पार्श्वभूमीचा पर्याय) मुख्य कोडमध्ये मर्ज करतो आणि मग यालाच लागतो.

सुमेधा_क:
डार्क मोड?? आत्ता?? डेबियन १२ ची रिलीज १० जून २०२३ ला झाली आणि फ्रीज (नवीन बदल घ्यायची बंदी) त्याच जानेवारीपासून टप्प्याटप्प्यानं सुरू होता. तुम्ही निदान रिलीजपर्यंत तरी नवीन काही घेऊ नका.

तुटका_कीबोर्ड:
ज्यानं लिहिलाय तो रुसेल. दोन महिने खपलाय त्यावर.

खटपट्या:
वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या बाजूच्या प्रतीत) राहू दे, २.१ मध्ये पहिला तोच घ्या. पण फोन करून सांगा, ग्रुपवर नको.

तुटका_कीबोर्ड:
(गुरुवार) सांगितलं. थोडा रुसलाय, पण येतोय. पडताळणीत १९ बग आधीच सुटलेले निघाले, त्यातले ११ एकट्या माझ्या बाबांनी शोधले. अडवणारे फक्त ५. त्यातल्या चार बगना सोडवणारा मिळाला. पाचवा: अँड्रॉइड ८ वर ॲप उघडताच बंद पडतं. आमच्याकडे कुणाकडेच तसला जुना फोन नाही. पुण्यात कुणाकडे आहे का? शनिवारपुरता हवाय, मिसळ आमच्याकडून.