सीनाचा टॅप म्हणे 'धाडसी बुकिंग'! काहीही!

गिरगावचा गडी

काल बोरिवली स्लो यांनी एक पिंक टाकली: "सीनाने गुंथरसमोर टॅप केलं हे वर्षातलं सगळ्यात धाडसी बुकिंग. जाताना हरूनच जायचं ही या धंद्याची रीत. रडणाऱ्यांना रेसलिंग कळत नाही, फक्त सीना कळतो." दोन ओळींत उत्तर देणार होतो, दोन ओळींत मावेना. (नवख्यांसाठी: डब्ल्यूडब्ल्यूईचा जॉन सीना त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये गुंथरच्या पकडीत हात आपटून शरण गेला, यालाच टॅप म्हणतात. बुकिंग म्हणजे कुणी कसं हरायचं हे कंपनीने आधी ठरवणं.)

सीना हरला याचं मला काडीचं दुःख नाही. हरायलाच हवा होता. आक्षेप टॅपला आहे, आणि टॅपपेक्षा त्या हसण्याला. ज्या माणसाने टोपी, टॉवेल, मनगटाचा पट्टा, जे सापडेल त्यावर 'नेव्हर गिव्ह अप' छापून आपल्याला विकलं, तो शेवटच्या मॅचमध्ये गालात हसतो आणि हात आपटतो? २००३ च्या नो मर्सी शोला कर्ट अँगलने त्याला टॅप करायला लावलं होतं. त्यानंतर वीसेक वर्षं जे जपलं ते असं फुंकून टाकायचं?

हरवायचं तर बेशुद्ध पाडा ना! डब्ल्यूडब्ल्यूईचा सगळ्यात मोठा शो, रेसलमेनिया १३, १९९७, शिकागोजवळ. ब्रेट हार्टच्या शार्पशूटर पकडीत स्टीव्ह ऑस्टिन, तोंडभर रक्त, पण टॅप नाही. शुद्ध गेली, मॅच गेली आणि मोठा कोण झाला? हरलेला. २८ वर्षांपूर्वी जे जमलं ते आज कुणाला आठवू नये?

आणि 'हरून जायची रीत' म्हणजे जाताना कुणाला तरी वर चढवून जायची रीत. गुंथरचं काय चढायचं राहिलं होतं? ६६६ दिवस इंटरकॉन्टिनेंटल किताबाचा पट्टा ठेवलाय त्याने. जुलैत गोल्डबर्गलाही त्यानेच घरी पाठवलं. भरल्या ताटात आणखी एक जिलबी वाढलीत. बाजूला चार पोरं रिकाम्या पानावर बसली होती.

रविवारी सकाळी साडेसहाला उठून बघितलं, घरात सगळे झोपलेले. संपल्यावर मी जो बसलो तो बसलोच. बायको बाहेर आली, माझं तोंड बघून म्हणाली, "गावाहून फोन आला का?" वय वर्षं ४३. हसायचं असेल तर हसा.

बोरिवली स्लो

हसलो. आता ऐका.

गुंथर आधीपासून सांगत होता, टॅप करायला लावीन. हील, म्हणजे खलनायक पैलवान, बोलतो आणि बोलला ते करून दाखवतो, हे शेवटचं कधी बघितलंत? आजकालचे हील टी-शर्ट विकतात आणि लोकांकडून टाळ्या घेतात. कंपनीचा बडा साहेब ट्रिपल एच बाहेर आला तेव्हा वॉशिंग्टनच्या अख्ख्या हॉलने त्याला आईबहिणीवरून ऐकवलं. याला हीट म्हणतात, गडीसाहेब. बेशुद्ध पाडला असता तर सगळ्यांनी "वा वा" केलं असतं आणि सोमवारी विसरले असते. आज तुम्ही एवढा निबंध लिहिलात, हेच बुकिंगचं यश.

हसण्याबद्दल म्हणाल तर तो माणूस ४८ वर्षांचा आहे. २७ जून २००२ ला अँगलसमोर आला तेव्हापासून खांद्यावर ओझं. उतरवताना हसला. गिरणीतून रिटायर झालेला माणूस शेवटची पाळी संपवून हसत नाही का?

आणि 'पोरांना वर चढवा' हे सीनाच्या भक्तांनी सांगावं? समरस्लॅम २०१०. नेक्सस या गटाची नवी पोरं आग लावत होती. काँक्रीटवर डोकं आपटणारा डीडीटी डाव खाऊन हा पठ्ठ्या दोन मिनिटांत उठला आणि उरलेल्या दोघांना संपवून आला. त्याच्याच टीममधले एज आणि जेरिको सांगत होते, पोरांना जिंकू दे. ऐकलं नाही. चूक झाली हे नंतर स्वतःच कबूल केलं. नियती बुकिंग करते.

मधुरा ठाणेकर

बोरिवली स्लो, ती 'रीत' जरा मला दाखवा. स्टिंग ३ मार्च २०२४ ला ग्रीन्सबरोत जिंकून गेला, पट्टा कमरेला असताना गेला, वयाच्या ६४ व्या वर्षी. कुणी म्हणालं का धंद्याचा अपमान झाला? सगळे रडत होते आणि खूश होते. अंडरटेकर २०२० मध्ये एजे स्टाइल्सला चक्क खड्ड्यात पुरून गेला. उलट फ्लेअर २००८ मध्ये शॉन मायकल्सकडून रीतसर हरला, जगाला रडवलं आणि मग दुसऱ्या कंपनीत कुस्त्या करत फिरला. रीत सोयीने आठवते तुम्हाला.

(मी सीना फॅन नाही. लहानपणी भावाच्या खोलीत त्याचं पोस्टर होतं आणि भाऊ माझ्यावर सीनाचा एफयू डाव मारायचा. माझा पाठिंबा तत्त्वाला आहे.)

परळ व्हिलेज

सगळे साधं गणित विसरताय. रेसलमेनिया २२, २००६. सीनाने कुणाला टॅप करायला लावलं? ट्रिपल एचला. आज बुकिंगची वही कुणाच्या हातात आहे? ट्रिपल एचच्या. जवळजवळ २० वर्षांनी हिशेब चुकता. आमच्या चाळीत पाण्याच्या नळावरून झालेलं भांडण १५ वर्षं चाललं, हा तर अमेरिकन माणूस.

बोरिवली स्लो

आला षड्‌यंत्रवाला. २००७ ला शॉनलाही टॅप करायला लावलं होतं त्याने. मग शॉन का नाही आला बदला घ्यायला?

काकडआरती

मूळ मुद्दा बाजूला ठेवून बोलतो, कारण मूळ मुद्दा कुणी काढतच नाही. हे सगळं आपल्याला पहाटे बघावं लागतं! रेसलमेनिया साडेचारला, दर आठवड्याचा रॉ शो मंगळवारी ऑफिसच्या वेळेला. अर्धा रॉ मी ७.१२ च्या लोकलमध्ये कुणाच्या तरी काखेखालून बघतो. आधी टेन स्पोर्ट्स, मग सोनी, आता नेटफ्लिक्स. एवढी वर्षं पैसे मोजतोय आणि मुंबईकरांच्या नशिबी काय? २०१७ ला ट्रिपल एच आला तो दिल्लीला. भारतीय वंशाच्या जिंदर महलला भारतासाठी चॅम्पियन केलं म्हणे. आणि दौऱ्याच्या महिनाभर आधी मँचेस्टरमध्ये पट्टा काढून घेतला. मग दिल्लीत आपल्याच लोकांसमोर ट्रिपल एचने त्याला हरवलं आणि वर त्याच्याबरोबर भांगडा केला. भांगडा! २०२३ ला सीना आला तो हैदराबादला. मी गेलो होतो. ट्रेनमध्ये रात्र काढली, गचीबावलीच्या त्या हॉलमध्ये घसा बसेपर्यंत ओरडलो, त्याच रात्री परत. साहेबांनी रजा दिली नव्हती, आजी वारली असं सांगितलं होतं. आजी १९९८ लाच वारली होती.

तांबडी माती

मी कराडचा, ११ वर्षं मुंबईत. बराच वेळ वाचतोय. एक विचारू? ज्याचा निकाल आधीच ठरलाय त्यात हरला काय आणि टॅप केलं काय, फरक काय पडतो? आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात आणि नुरा दिसली की लोक मैदानातून उठतात. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ आणलं ते हसत हात आपटून नव्हे. तुम्ही ४३ व्या वर्षी नुऱ्यावर रडता?

गिरगावचा गडी

आले! दर धाग्यावर एक जण येतोच, "ते खोटं असतं" सांगायला. अहो, आम्हाला माहीत आहे. नाटकात औरंगजेब खरंच मरत नाही हेही माहीत आहे. तरी संभाजीराजे पकडले गेले की थिएटरात पदर डोळ्यांना लागतात ना?

तांबडी माती

महाराजांची आणि चड्डीवाल्या गोऱ्यांची तुलना करू नका.

परळ व्हिलेज

तांबडी माती, जत्रेच्या मैदानात नुरा होत नाही का? मी आजोळी बघितलंय, पलूसच्या बाजूला. हलगी वाजतेय, दोन मोठे पैलवान वीस मिनिटं एकमेकांची मान धरून उभे. लोक ओरडतायत, "नुरा हाय, नुरा हाय." शेवटी बरोबरीत सोडवली, दोघांनी इनाम वाटून घेतलं. आजोबा घरी येईपर्यंत शिव्या देत होते. डब्ल्यूडब्ल्यूई निदान निकाल तरी लावते.

तांबडी माती

ते चार भामटे असतात. त्यावरून तालमीला नावं ठेवू नका. पहाटे चारला उठून हजार जोर मारून बघा, मग बोला.

मधुरा ठाणेकर

पहाटे चारला तर काकडआरतीही उठतात.

काकडआरती

साडेचारला. अर्धा तास कमी.

वरळी बीडीडी

नुऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. माझे आजोबा गिरणीत होते. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग या पैलवानांना बघायला पाळी बदलून जायचे. मे १९६८ मध्ये दारासिंगने अमेरिकन पैलवान लू थेझला मुंबईतच पाडलं, तेव्हाही होते म्हणायचे. (आज हयात असते तर १९८३ च्या वर्ल्ड कपलाही मी लॉर्ड्सवर होतो म्हणाले असते, पण असो.) एकदा मी विचारलं, "आबा, ते खरं होतं का?" त्यांनी पानाची चूळ टाकली आणि म्हणाले, "तिकीट खरं होतं." पुढे कधी तो विषय नाही.

तांबडी माती

दारासिंग नुरा नव्हता. दारासिंग असली पैलवान होता.

बोरिवली स्लो

पैलवान असलीच होता. म्हणून तर त्या कुस्त्या शोभायच्या. कर्ट अँगलकडे १९९६ चं ऑलिंपिक गोल्ड आहे, तोही तुमच्या भाषेत नुराच खेळला. असली माणूस नुरा खेळू शकतो, उलटं होत नाही.

तांबडी माती

शब्दांचे खेळ.

परळ व्हिलेज

बरं, मग खऱ्या कुस्तीबद्दल बोलू. महाराष्ट्र केसरी, फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. सेमीला पंचांनी शिवराज राक्षे चितपट दिला, त्याने पंचाला लाथ घातली. फायनलला महेंद्र गायकवाड वाद घालून मैदान सोडून गेला. पृथ्वीराज मोहोळच्या खांद्यावर गदा आणि बाकी दोघांवर तीन वर्षांची बंदी. हे डब्ल्यूडब्ल्यूईचा जुना मालक विन्स मॅकमहॉनला सुचलं नसतं.

तांबडी माती

त्या विषयावर बोलू नका. राक्षेची पाठ टेकली नव्हती. व्हिडिओ पन्नास वेळा बघितलाय. लाथ चूकच, पण दोन वेळच्या महाराष्ट्र केसरीला रिप्ले न दाखवता बाहेर काढायचं?

वरळी बीडीडी

टेकली होती. मीही बघितलाय. डावा खांदा.

तांबडी माती

डावा खांदा मातीपासून, आय मीन मॅटपासून, वर होता. तू कधी लंगोट बांधलायस का आयुष्यात?

वरळी बीडीडी

बाळसं होतं तेव्हा आई बांधायची. अरे-तुरेवर येऊ नकोस, दादा.

तांबडी माती

तू आधी आलास.

वरळी बीडीडी

वर जाऊन वाच कोण आलं.

मधुरा ठाणेकर

हे तर डिट्टो माँट्रियल आहे. ९ नोव्हेंबर १९९७. ब्रेट शार्पशूटरमध्ये, टॅप केलं नाही, तरी मॅकमहॉनने घंटा वाजवायला लावली आणि त्याला हरवलं. ब्रेटही लाथेवर नाही थांबला. तो मालकाच्या तोंडावर थुंकला आणि आत जाऊन ठोसा मारला. आणि आपण २८ वर्षं ब्रेटचीच बाजू घेतोय. तांबडी माती, तुम्ही आमच्यातलेच आहात, फक्त तुमचा माँट्रियल अहिल्यानगरला झाला.

तांबडी माती

ब्रेट म्हणजे रेसलिंगच्या पत्त्यांत, ट्रंप कार्डवरचा गुलाबी चड्डीवाला का?

परळ व्हिलेज

ट्रंप कार्ड! म्हणजे कराडमध्येही होती. नुऱ्याची पत्ती कोण विकत घेत होतं मग?

तांबडी माती

शाळेत सगळेच खेळायचे. त्याचा याच्याशी संबंध नाही.

गिरगावचा गडी

मंडळी, धागा माझा होता. सीना. टॅप. आठवतंय का? राक्षेचा खांदा दुसरीकडे न्या.

मधुराताईंनी नकळत माझाच मुद्दा मांडला. ब्रेटने टॅप केलं नाही, म्हणून माँट्रियल आजही जखम आहे. ऑस्टिनने टॅप केलं नाही, म्हणून ऑस्टिन झाला. टॅप म्हणजे कबुली. हरणं हे तुमच्यासोबत घडतं, टॅप तुम्ही स्वतः करता. एवढाच फरक आहे आणि तोच सगळा आहे. साडेसहाशेपेक्षा जास्त आजारी पोरांना मेक-अ-विशमधून भेटलाय हा माणूस. तो काय सांगत होता त्यांना?

बोरिवली स्लो

पोरांना मध्ये आणलंत म्हणजे मुद्दे संपले.

बरं, एक देतो. गुंथर ताटात जिलबी असलेला माणूस होता, खरं आहे. ब्रॉन ब्रेकरला हे दिलं असतं तर पुढच्या दहा वर्षांची सोय झाली असती. पण ब्रेकरला दिलं असतं तर तुम्हीच लिहिलं असतंत, "काल आलेल्या पोराला सीना?" लिहिलं असतंत की नाही?

गिरगावचा गडी

लिहिलं असतं. शब्द वेगळे असते.

बोरिवली स्लो

धन्यवाद. फ्रेम करून लावतो.

मधुरा ठाणेकर

आणि खरा गुन्हा तर टॅपच्या नऊ महिने आधी झाला, टोरांटोला. मार्चमध्ये सीना हील झाला, अख्खं जग जागं झालं. मग त्याच्या साथीला आलेला रॉक गायब. रेसलमेनियाला १७ वा वर्ल्ड चॅम्पियनचा पट्टा जिंकवायला रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट, तोही समोरच्या कोडीला नीट मारता न येणारा. ऑगस्टपर्यंत हील टर्न गुंडाळून ठेवला, जणू झालाच नव्हता. शेवटची १० मिनिटं चघळताय, वर्ष वाया गेलं ते कुणी बोलत नाही.

परळ व्हिलेज

यावर एकमत. पहिल्यांदाच.

काकडआरती

आणि तोही रेसलमेनिया पहाटे होता.

गिरगावचा गडी

रात्री परत बघितली मॅच. गुंथरच्या त्या स्लीपर पकडीतून, म्हणजे गळ्याच्या विळख्यातून, तो तीन-चार वेळा सुटायचा प्रयत्न करतो, हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं. हसणं तरी मला पटलेलं नाही. पटणारही नाही. नंतर त्याने बूट काढून रिंगमध्ये ठेवले आणि सॅल्यूट केला तेवढं मात्र चांगलं होतं.

बोरिवली स्लो

हळूहळू येताय. माझीही गाडी हळूच जाते.

तांबडी माती

आत्ता ती मॅच बघितली. पूर्ण नाही, शेवटचं. निकाल ठरलेला आहे ते दिसतंच. पण त्या गुंथरच्या चापट्या खऱ्या लागतायत, छाती लाल होते ती रंग लावून होत नाही. मान बघितली का त्याची? खुराक काय असेल?

त्याने कुणाला तरी जुलैत घरी पाठवलं म्हणालात, ती कुठे बघायला मिळेल?